आषाढातला कोंब

९ ऑक्टोबर २०२५

नाही, मला एकटीला भीती वाटत नाही. कोणी विचारलंय म्हणशील, तर कोणीच नाही. नऊ वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते. जनावर निघालं तर काठी आहे. लाइट जाते तशी येते. आणि मंगळवारपासून तर मी एकटीही नाही. तुझी सून इथे आहे.

आता खाली बस. प्रेशर वाढवू नकोस, शुभदाने दिलेल्या किडनीला तरी मान दे.

फोन करत नाही, कारण आक्काचा नंबर दिसला की तू कट करतोस. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी भजी बांधून आणलेला कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नव्हतास.

मंगळवारी मी पडवीत काजूची कलमं बांधत होते. आरोंद्याची गाडी तिठ्यावर थांबली नि ही पोर पिशवी घेऊन खाली उतरली. पाचवा महिना, तोंड उतरलेलं. मी तिला लग्नाच्या फोटोत तेवढी बघितलेली. लग्नाला मला बोलावलं कोणी होतं?

"गो, तू आरोंद्याक म्हायेराक जातलीस ना? हयसर कित्याक उतरलंस?"

"म्हायेराक गेलंय तर आवस रडत बसतली, आत्ये. आणि तुमच्याकडे माका कोण शोधूक येवचा नाय. आमच्या घरात तुमचा नाव कोण घेणत नाय."

खरं बोलणारी आहे. पेज वाढली, वर दोन मिरच्या तळल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोल्हापुरात पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. पोराची डावी किडनी दिसत नाही. उजवी आहे, चांगली धष्टपुष्ट आहे, पाणी व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो, लक्ष ठेवू. झालं. कुठल्याही शहाण्या घरात इथे विषय संपला असता.

पण तुझ्या घरात शुभदा आहे. ग्रहणाच्या दिवशी वेध लागलेले असताना गौरजाने तवसं, म्हणजे ती मोठी काकडी, चिरलं. तवशाचे दोन भाग केलेस म्हणून पोराचा एक भाग गेला. हे तुझी बायको बोलली. बीएस्सी झालेला तुझा झील सर्वेश बाजूला उभा राहून ऐकत होता. आणि तू काय करत होतास? पेपर वाचत होतास, असं कळलं.

चार दिवस कोणी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. पाचव्या दिवशी तिला गाडीत बसवली, दोष आहे की नाही ठरलं की बघू म्हणून.

सदा, तवसं मीही चिरलं त्या दिवशी. भूक लागली होती. माझं काय गेलं ते कळव.

तिला न्यायला ये. स्वतः ये, सर्वेशला एकट्याला पाठवू नकोस. तो आईला विचारल्याशिवाय गाडीत चढायचा नाही.

आक्का

१९ ऑक्टोबर

तुझं उत्तर नाही. असं वाटलंच होतं.

गौरजाला घेऊन सावंतवाडीला गेले. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, वयाने तुझ्या मुलासारख्या, पण बोलायला सरळ. त्यांनी परत सोनोग्राफी केली. तेच निघालं. मी विचारलं, "बाई, ही किडनी गेली कुठे?"

"गेली नाही आजी, झालीच नाही."

"का झाली नाही ते सांगा. ह्या पोरीच्या सासूला लिहून पाठवायचं आहे."

बाहेर बारा बायका बसलेल्या, तरी त्यांनी फाइलच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. मी सातवी शिकलेली. मला कळलं म्हणजे तुम्हाला कळायला हरकत नाही.

पोर पोटात तांदळाच्या दाण्याएवढं असतं तेव्हा त्याचे तीन थर असतात. वरच्या थराची कातडी होते, आतल्याचं आतडं. मधल्या थरातून हाडं, मांस, रक्त. त्याच मधल्या थराची एक पट्टी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली जाते, शेताच्या दोन्ही कडेने पाट जातो तशी. किडन्या तिच्यातून होतात.

आणि त्या एकदाच होत नाहीत. तीनदा होतात. मला वाटलं बाई थट्टा करतेय. पहिली जोडी मानेपाशी येते, काही काम न करता विरून जाते. दुसरी तिच्याखाली येते, ती काही आठवडे काम करते आणि तीही जाते. पण तिची नळी मागे राहते. मग अगदी खाली, कमरेच्या हाडात तिसरी होते. ती आपली खरी. ती तिथून वर चढत चढत बरगडीखाली जाऊन बसते. मी म्हटलं, देवाला एकदाच नीट करायला काय झालं होतं. बाई हसली.

आता मुद्द्याचं. ती तिसरी एकटी होत नाही. मागे राहिलेल्या नळीच्या खालच्या टोकाला कोंब फुटतो. तो कोंब पट्टीतल्या गोळ्यात जाऊन शिरावा लागतो. शिरला की गोळा कोंबाला सांगतो, तू फांद्या फोड. कोंब गोळ्याला सांगतो, तू किडनी हो. दोघांनी एकमेकांना सांगितलं तरच. कोंब फुटला नाही, किंवा पोचला नाही, तर गोळा तसाच आटतो. मागे काही राहत नाही. दुसरी बाजू मग थोडी मोठी होऊन दोघींचं काम करते.

मी बाईला म्हटलं, थांबा, हे माझं रोजचं काम आहे. खुंटाचा शेंडा कापून मध्ये चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची, पट्टी आवळायची, वर प्लास्टिकची टोपी. खुंट नि काडी आतून एकमेकांना चिकटली तर कलम. नाही चिकटली तर काडी वाळते. एकाच हाताने, एकाच दिवशी, एकाच झाडाच्या काड्या बांधते मी. शंभरातली दहा-बारा मरतात. मंगेश नर्सरीवाला मला कधी विचारत नाही, आनंदीबाय, वेधात काय चिरलंत म्हणून.

"अगदी तसंच," बाई म्हणाली. "आणि यात आईचा दोष नसतो."

मग तारखा मोजल्या. गर्भ राहिला मे संपता संपता. कोंब पोचायचा तो जूनच्या शेवटाला, फार तर जुलै लागताना. म्हणजे आषाढ. तेव्हा इथे लावण्या चालू होत्या नि तुझ्या सुनेला आपल्याला दिवस गेलेत हे नुकतं कुठे कळलं होतं. ग्रहण सात सप्टेंबरला, भाद्रपदात. शुभदाला विचार, आषाढात न झालेली गोष्ट भाद्रपदातल्या तवशाने कशी मोडली? विळी काय मागे चालते?

बाई म्हणाली, कधी कधी हे घराण्यातून येतं, आईबापाची सोनोग्राफी करून घ्या. गौरजाची तिथल्या तिथे केली. दोन्ही आहेत. आता सर्वेशची कर.

त्यापुढे बाई अजून एक बोलली, त्याच पट्टीविषयी. ते या पत्रात घालायचं कारण नाही.

दिवाळी आली. गौरजाने दारात तुळशीपाशी रांगोळी काढली आहे आणि मला न विचारता माझी काठी रंगवली आहे. वेडी आहे. ने तिला.

आक्का

३१ ऑक्टोबर

शुभदाचा फोन आला. मला नाही, गौरजाला. पण पोर माझ्या शेजारी तांदूळ निवडत होती नि तुझ्या बायकोचा आवाज असा की फोन नसता तरी कोल्हापुराहून ऐकू आला असता.

"सर्वेशचे दोन्ही आसत. बघितलंव आमी. आमच्या घराण्यात असला कधी झालेला नाय. आता तूच काय ता समज."

गौरजा तांदळातले खडे काढत राहिली. शेवटी तर नसलेलेही काढत होती.

आणि काल गणपत गुरव सांगून गेला की तू नऊ तारखेला कौल लावायला सांगितलायस. देवाच्या अंगावर पाकळी लावून गाऱ्हाणं घालायचं, दोष सुनेचा की नाही. उजवी पडली तर दोष तिचा, आणि बाळंतपण माहेरी, आणि पुढचं पुढे. "पुढचं पुढे" म्हणजे काय ते तुला कळतं, मला कळतं, आणि ह्या पोरीलाही कळतं. ती कालपासून जेवताना माझ्या ताटाकडे बघते, स्वतःच्या नाही.

म्हणून आता ऐक. मला हे लिहायचं नव्हतं. नऊ वर्षं लिहिलं नाही नि अजून नऊ लिहिलं नसतं.

घराण्यात कधी झालेलं नाही म्हणे. झालंय. माझं.

नऊ वर्षांपूर्वी तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आधी कौल लावला होतास, बहिणीने द्यावी काय म्हणून. उजवी पाकळी पडली. सगळ्या गावाने बघितली. मी आंबोली चढून कोल्हापूरला आले. रक्त जुळलं. मग त्यांनी पोटावर ते थंड लावून मशीन फिरवलं. फिरवलं नि परत फिरवलं. मग आतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

डावी नाही, म्हणाले. जन्मापासून नाही. मी त्रेसष्ट वर्षांची होते, डोक्यावरून भाताचे भारे वाहिलेली, मला कधी कळलं नव्हतं.

तिथेच थांबले असते तर मी बाहेर येऊन सांगितलं असतं, सदा, नाही रे माझ्याकडे. पण ते थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

मी म्हटलं, नाहीत.

"बरोबर," ते म्हणाले. "गर्भाशयही एकाच बाजूचं आहे. दोन्ही एकाच पट्टीतून होतात ना."

बरोबर म्हणाले. भाजीवाला हिशेब जुळल्यावर म्हणतो तसं.

सावंतवाडीची बाई पुढे जे बोलली ते हेच. बायकांमध्ये दोन बाजूंनी दोन नळ्या येतात नि मध्ये जुळून पिशवी होते. एका बाजूची पट्टीच बिघडली तर पिशवीही अर्धी. त्यात पोर राहतं एखाद्या वेळी, पण टिकेलच असं नाही. माझी दोन गेली, चौथ्या महिन्यात एक नि पाचव्यात एक. तू अकरा-बारा वर्षांचा होतास, तुला कोणी सांगितलं नसणार. दत्तारामने दुसरी बायको केली. तेव्हा मी ट्रंक घेऊन घरी आले ते तुला आठवत असेल, ट्रंकेतले फुटाणे तूच खाल्लेस. त्याआधी चार वर्षं मी सात देवळांत नवस केले, सोमवारी मीठ सोडलं, कोणाच्या ओटीभरणाला कधी पुढे बसले नाही. सासू म्हणायची, लहानपणी सापाच्या बिळात पाणी ओतलंस असशील. आणि मी आठवत बसायची, ओतलं होतं काय.

चाळीस वर्षं मी आठवत होते, सदा. आणि तो माणूस म्हणाला, बरोबर.

बाहेर आले तर बाकावर शुभदा. "काय झाला?" म्हणून पुढे आली. मी म्हटलं, "मी देवचंय नाय." आणि स्टँडवर गेले. पुढे तिने तिची दिली, ते चांगलं झालं.

म्हणजे आता मोज. शुभदाची एक. तुझी चालणारी एक, तीही तिचीच. माझी एक. ज्या घरातल्या आपल्या तिघा म्हाताऱ्यांची एकेकच चालते, त्या घराने पोराच्या एका किडनीवरून सून बाहेर काढली.

कौल थांबव. हे पत्र रजिस्टर करतेय. पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काही महत्त्वाचं आहे काय. मी म्हटलं, नाही.

आक्का

१० नोव्हेंबर

पत्र पाच तारखेला पोचलं, पोचपावतीवर सही शुभदाची आहे. तुझ्या हातात आलं की नाही देव जाणे. तुझा फोन नाही, गणपतला निरोप नाही. तेव्हा काल मीच देवळात गेले.

गौरजाला घरी ठेवणार होते. ऐकली नाही. "आत्ये, माझो न्याय आणि मी घरात?" म्हणाली. बरं.

माणसं पंधरा-वीस असतील. गणपतने पाकळ्या भिजवून तयार ठेवल्या होत्या. त्याने गाऱ्हाण्याला सुरुवात केली, बा देवा महाराजा म्हणून, आणि मी म्हटलं, "थांब रे गणपता."

"आक्का, गाऱ्हाण्यात मदी बोलू नये."

"मगे आदी बोलतंय. नऊ वर्सांपूर्वी ह्याच देवान उजवो कौल दिलेलो. कसलो?"

"तुमी किडनी देवची म्हणान." तो खाली बघत होता. सगळा गाव मला तेव्हापासून देवाचा शब्द मोडलेली म्हणतो, तोही म्हणतो.

"माझ्याकडे होते किती?"

"दोन. सगळ्यांकडे दोन आसतत."

"माझ्याकडे एकच. जन्माची एक. ती दिली आसती तर तुमी तेराव्याचा जेवण जेवलो आसतास."

 मग गणपत म्हणाला, आणि त्याचंही चुकीचं नव्हतं, "मगे देवान उजवो कित्याक दिलो?"

"तुमी विचारलास, देवची काय. बहिणीन भावाक देवची, ह्यात देव नाय म्हणतलो काय? तिच्याकडे आसा काय, ता कोणी विचारूकच नाय. आजही तसाच चल्लाहा. दोष हिचो की नाय विचारतास. दोष आसा काय, ता कोण विचारता?"

मागून सुशीला म्हणाली, "पण आक्का, इतकी वर्सा बोललंस नाय ता?"

तर मग तेही सांगितलं. तिथेच, देवासमोर, बाप्ये होते तरी. पिशवी अर्धी आहे म्हणून सांगितलं. म्हटलं, ह्या आमच्या रक्तातून इलेला, माझ्यात होता, माझ्या भावाच्या नातवंडात इला. ह्या पोरीन आणलेला नाय. लाज वाटली काय? वाटली. पाच मिनिटं वाटली. मग गुडघा दुखायला लागला नि लाज मागे पडली.

गणपतने पाकळ्या परत ताम्हनात ठेवल्या. म्हणाला, "असो प्रश्न मी देवाक घालूचंय नाय. सदाक सांगा, होयो तर येवन स्वतः घाल."

येताना गौरजा माझा हात धरून चालली. मी म्हटलं, मला दिसतं अजून, हात सोड. सोडला नाही.

तेव्हा आता गाऱ्हाणं घालायचं असेल तर तू ये.

आक्का

२ मार्च २०२६

मुलगी तीन किलोला थोडी कमी. पहिल्याच दिवशी नर्सच्या अंगावर मुतली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, हेच सर्टिफिकेट. उजवी किडनी उत्तम आहे. तुम्ही सगळे येऊन बघून गेलात, फोटो काढलेत, पोरीला खेळवलंत, तेव्हा हे परत का लिहितेय? कारण तू जाताना तिठ्यावर गाडीची वाट बघत जे विचारलंस त्यासाठी. तिथे मंगेश उभा होता म्हणून मी बोलले नाही.

पण आधी बाकीचं.

नोव्हेंबरात तू आलास ते बरं केलंस. गौरजा तुझ्याबरोबर आली नाही, बाळंतपण इथेच करणार म्हणाली, ते तिने अजून बरं केलं. सर्वेश दर शनिवारी आईला न विचारता यायला लागला. कलम बांधायला शिकलाय. वाईट बांधतो.

सातव्यात शुभदा आली नि तिने सुनेची ओटी भरली. तोवर ठीक. मग दुसरा नारळ नि खण घेऊन माझ्यापुढे आली. "आक्का, पदर पसरा."

मी म्हटलं, "माका ह्या वयात कसली ओटी? गुडघो वाकणा नाय."

"मगे उभ्यानच घेवा."

घेतली.  पत्र तिनेच फोडलं होतं नि चार दिवस उशीखाली ठेवलं होतं, ते मला गौरजाने सांगितलं. तिच्या कमरेच्या कुशीवर टाक्याची खूण आहे, पदर सरकला तेव्हा दिसली. माझ्याकडे खूण नाही. एवढाच आमच्यात फरक.

आता मुलीचं. नीट वाच, शुभदालाही वाचून दाखव. बाई म्हणाली आहे, दर वर्षी प्रेशर नि लघवी तपासायची. मिठाचा हात आवरता. आणि ती वयात येईल तेव्हा तिच्या पिशवीची सोनोग्राफी करायची. दोन्ही बाजू असतील, असं बऱ्याचदा असतं. अर्धी असेल तर अर्धी. पण जे असेल ते तिला तिच्या तोंडावर सांगायचं, तिच्या भाषेत, चित्र काढून. चित्राची फाइल गौरजाकडे दिली आहे. नवस नाही, सोमवार नाही, सापाचं बीळ नाही. तेव्हा मी असेन नसेन. नसेन तर हे पत्र दाखवा.

राहिलं तुझं. तिठ्यावर तू विचारलंस, "आक्का, तेव्हाच माका कित्याक नाय सांगलंस? मी तुझो भाव मा?"

गाडी आली, तू चढलास, खिडकीतून परत तेच विचारलंस. आता फोनवर विचारतोस.

सर्वेशचे दोन खुंट वाळले ते उद्या बदलायचे आहेत. मुलीचं नाव ठरलं की कळवा. तू विचारलंस त्याच्यावर मी काय एक सांगूचंय नाय.

आक्का